एक नवाब की पाच उनाड

रशिदाचाचींनी शब्द दिला होता, आणि मंगळवार पेठेत रशिदाचाचींचा शब्द म्हणजे वाळलेलं सिमेंट. रविवारी त्यांचे भाऊ लालासाबमामू टेम्पो घेऊन कागलला जाणार होते. त्यांनी जाताना चाचींच्या लेकाच्या, तौसीफच्या, कबुतरांची एक करंडी न्यायची आणि कबुतरं कागलात सोडायची. चाचींच्या बिर्याणीच्या हंडीचं झाकण उघडायच्या आत एक जरी कबुतर गच्चीवर परतलं, तर लेकाची ढाबळ, म्हणजे गच्चीवरचं कबुतरांचं खुराडं, राहील. न्हाय परतलं, तर ढाबळ मोडून तिथं पाण्याची टाकी. टाकी आधीच आणून जिन्यात उभी केली होती, त्यामुळं घरातल्या प्रत्येकाला पोट आत ओढून वर जावं लागत होतं.

"एकच करंडी व्हय, मामू?" तौसीफनं विचारलं.

"टेम्पोत फरसाण हाय. तुझी कबुतरं पोसू का माझी गिऱ्हाइकं?"

पंचाईत त्या एका करंडीनं केली. तौसीफकडं नवाब नावाचा एक जुना नर होता. कागलातनं दहादा सोडला तर सातदा तो वेळेवर घरी यायचा. उरलेल्या तीनदा दिवेलागणीला यायचा आणि कुठं होता ते सांगायचा नाही. शिवाय पाच उनाड पोरं होती, नुकतीच उडायला शिकलेली. त्यातलं प्रत्येक दहात पाचदा वेळेवर यायचं. नवाबाला आणि पोरांना एका करंडीत घालायची सोय नव्हती. तो टोची मारून त्यांना शिस्त लावायचा, आणि शेवटी करंडीतनं नुसती पिसं उडायची.

म्हणजे एक तर नवाब, न्हाय तर पाच पोरं.

तौसीफनं शेजारच्या प्रियदर्शनीला बोलावलं. ती संख्याशास्त्रात एम.एस्सी. करत होती, त्यामुळं गल्लीतली माणसं तिला लॉटरीचा नंबर विचारायची.

"हिशेब मी केलाय," तौसीफ म्हणाला. "पाच पोरं, प्रत्येकाचा अर्धा चान्स. अडीच कबुतरं येणार."

"अर्ध्या कबुतराची घाणबी पुरीच असती," खालून चाचींचा आवाज आला.

"तसं न्हाय रे," प्रियदर्शनी म्हणाली. "तुला एक तरी आलं म्हंजे झालं न्हवं? मग एकबी न यायचा चान्स काढ. पहिलं न यायचा अर्धा. पहिलं आणि दुसरं दोन्ही न यायचा, अर्ध्यातला अर्धा. असं पाच वेळा अर्धं करत जा. बत्तिसात एक येतं. म्हंजे बत्तीस रविवारांतले एकतीस रविवार निदान एक तरी पोरगं घरी. आणि नवाब? बत्तिसात बावीसच्या जरा वर."

तौसीफनं नवाबाकडं बघितलं. नवाबानं मान फिरवली.

"फक्त एक अट हाय," ती म्हणाली. "प्रत्येकाचं येणं स्वतंत्र पाहिजे. एक आलं का न्हाय, त्यावर दुसऱ्याचं ठरता कामा नये."

"स्वतंत्र? अगं, एकाचं दुसऱ्याशी पटत न्हाय! दाण्यावरनं रोज मारामारी."

हे प्रियदर्शनीला पटलं, आणि इथंच ती चुकली. जन्म पेठेत गेलेला असताना तिला कळायला हवं होतं. मंडळातली पोरं वर्षभर एकमेकांचं तोंड बघत नाहीत, पण चहाला एक उठला की अख्खं मंडळ उठतं.

रविवारी करंडीतनं पाच पोरं कागलला गेली. घरी हंडी दमाला लागली. झाकणाच्या कडेला कणकेची पट्टी लिंपली गेली. टाकी बसवायला आलेला जोतीराम प्लंबर, जागा नसल्यानं, टाकीवरच बसला. गच्चीवर तौसीफनं फोन स्पीकरवर टाकला.

"सोडली," मामू म्हणाले.

"कशी उडाली?"

"झकास! पाचीबी वर गेली, एक चक्कर मारली आणि बसली."

"बसली? कुठं?"

"उसाच्या ट्रॉलीवर. पांढरं पयलं बसलं, बाकीची त्याच्या मागनं."

"ट्रॉली कुठं चाललीया?"

"ऊस कुठं जातोय बाबा? कारखान्याला!"

प्रियदर्शनीचा चेहरा उतरला. "तौसीफ, ही पाच कबुतरं न्हवंत. एकच कबुतर हाय, पाच तुकड्यांत. पांढरं आलं तर सगळी येणार, न्हाय तर एकबी न्हाय. अर्धा चान्स. नवाबाचा दहात सात होता की रे."

ढाबळीच्या फळीवर नवाब घुमत होता. त्या घरात बिनघोर असा तो एकटाच.

खाली चाचींनी सुरी घेतली आणि कणीक खरवडायला सुरुवात केली.

"अम्मी, जरा थांब की!"

"भात माझ्यासाठी थांबंल, तुझ्या पाखरांसाठी न्हाय."

तौसीफ फोनवर ओरडला, "मामू, उडवा त्यास्नी!"

"तेच करालोय! हॉर्न दिला, शेवेची पुडी फेकून मारली."

"मग?"

"खाल्ली त्यांनी."

"ट्रॅक्टरवाल्याला म्हणावं, गाणी लाव!"

उसाच्या ट्रॅक्टरला इंजिनापेक्षा स्पीकर मोठे असतात. फोनमधनं धडाम असा आवाज आला आणि तौसीफच्या हातातला फोन थरथरला. "गेली!" मामू किंचाळले. "कुठल्या बाजूला?" याचं उत्तर गाण्यात बुडालं.

मग नुसतं आभाळ. प्रियदर्शनी दक्षिणेकडं, कागलच्या बाजूला बघत होती, तौसीफ सगळीकडं. चाचींना त्या दिवशी कणीक भलतीच घट्ट लागली होती. एरवी दोनदा खरवडली की सुटणारी पट्टी त्या कोरून कोरून काढत होत्या. शेवटचा तुकडा निघाला. चाचींनी झाकणाला हात घातला, वाफेचा वास जिन्यात पसरला आणि जोतीराम टाकीवरनं उठला.

तेवढ्यात गच्चीवर पांढरं उतरलं. त्याच्या मागनं चारी पोरं. त्यांच्या मागनं आणखी आठ-नऊ, ज्यांना कुणी ओळखत नव्हतं.

"अम्मी! झाकण उघडलं का?"

चाचींनी जोतीरामकडं बघितलं. जोतीरामनं हंडीकडं बघितलं, वास घेतला आणि पंचासारखा निर्णय दिला. "उचललंय. उघडलं न्हाय."

चाची वर आल्या. दाण्यावर तुटून पडलेली गर्दी त्यांनी बघितली.

"ही कोण?"

"वाटेतली पावणं," तौसीफ म्हणाला.

"पोरी, हे तुझ्या हिशेबात होतं?"

"न्हाय चाची. हिशेब चुकलाच. उत्तर तेवढं बरोबर आलं."

चाचींनी शब्द पाळला. ढाबळ राहिली. पण टाकी परत घ्यायला दुकानदार तयार नव्हता आणि गच्चीवर दुसरं बांधकाम एकच होतं, तौसीफची खोली. जोतीरामनं दोन ताटं बिर्याणी खाऊन टाकीला जागा करायला खोलीचे पत्रे काढायला घेतले. तौसीफची खाट ढाबळीत गेली, नवाबाच्या फळीखाली.

तो आता पहाटे पाचला उठतो. नवाबानं त्याला शिस्त लावली.