खालची पट्टी

"मागच्या रांगेतली ती उंच मुलगी. हो, तूच. तू नुसते ओठ हलव. आवाज काढू नकोस."

मुख्याध्यापकांनी हे सगळ्या वर्गासमोर सुनावलं, आणि या शाळेत एकोणीस वर्षं गाणं शिकवणारी मी पेटीवर बोटं ठेवून मूग गिळून बसले. संमेलन चार दिवसांवर आलं होतं, पाहुणे यायचे होते, समूहगान बेसूर होऊन चालणार नव्हतं. त्या दिवसाचा राग मला अजून येतो. त्यांचा कमी, माझा जास्त.

त्या मुलीला वर्ग 'घुमी' म्हणायचा. पहिले सहा महिने ती हजेरीलासुद्धा नुसता हात वर करायची. गाण्याच्या तासाला मात्र हळूहळू गुणगुणायला लागली, आणि मग एक दिवस असा काही आवाज लावला की पुढच्या मुलींनी वळून पाहिलं. नंतर गणिताचे सर मला म्हणाले, "बाई, तुमची घुमी आज फळ्यावरची माझी चूक काढत होती हो!" चूक खरंच होती.

आणि अशा पोरीला आम्ही गप्प बसवलं.

दुसऱ्या दिवशी तिची आई फाटकापाशी उभी होती. कामावर जायच्या घाईत होती.

"बाई, काल घरी आल्यापासून एक अक्षर बोललेली नाही. कुणी काही म्हणालं का तिला? इतकी छान बोलायला लागली होती हो."

माझी तिच्याकडे बघायची हिंमत झाली नाही. "बघते मी," एवढंच म्हणाले.

मधल्या सुट्टीत मी घुमीला गाण्याच्या खोलीत नेलं. मोडके बाकही तिथेच ठेवतात. "पेटी वाजवत नाही मी. तुला जमेल तिथून म्हण," म्हटलं. मग तिने पहिली ओळ म्हटली. मी पेटीवर तिचा सूर शोधला. आमच्या पट्टीच्या चार सूर खाली होता, आणि तिथे ती एकदाही ढळली नाही. गाणं मी उंच बसवलं होतं ते पुढच्या दोन मुली त्यात उठून दिसतात म्हणून. तिथवर पोचताना हिचा आवाज फाटत होता. एवढी वर्षं पेटी बडवून मला हे कळू नये?

मी तडक मुख्याध्यापकांकडे गेले. "पट्टी उतरवते, सर. ती गाईल."

"मग पुढच्या दोघींचं काय? त्या उठून नाही दिसणार."

"नाही तर नाही! समूहगान आहे ना ते?"

"बाई, आता ऐन वेळी हे खूळ नको."

खूळ! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

संमेलनाच्या दिवशी मी कुणाला न विचारता खालचा सूर दिला. पुढच्या दोघींनी दचकून माझ्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने उचलला. मागून घुमीचा आवाज आला, भरदार, सगळ्यांना खालून धरून ठेवणारा. पाहुण्यांना काही वेगळं वाटलं नाही. मुख्याध्यापकांना वाटलं.

पुढच्या आठवड्यात त्यांनी मला बोलावून नवं वेळापत्रक पुढे सरकवलं. गाण्याच्या दोन्ही तासांच्या जागी गणित होतं.

"निकाल वाढवायचाय, बाई. तुम्ही वाचनालय सांभाळा."

मी तोंड उघडणार तेवढ्यात दारावर टकटक झाली. घुमी होती. वर्गात वेळापत्रक लागलं असावं.

"येऊ का सर?" असं विचारेपर्यंत ती आत आलीही होती. "गाण्याचे तास का काढले?"

"ते मोठ्यांनी बघायचं. वर्गात जा."

"जाते. आधी सांगा."

तिचा आवाज जराही ढळला नाही. बाहेर कारकुनाचं टायपिंग थांबलं. हिला आवरा, अशा नजरेने सरांनी माझ्याकडे पाहिलं.

मी उठले आणि माझी खुर्ची तिला दिली.