दुसरी बाजू संपेपर्यंत

ट्रेव्हर मॅचिनने रेकॉर्ड दोन्ही तळव्यांत कडेने धरली, खिडकीकडे वळला आणि ती तिरकी करून पाहिली. चर स्वच्छ होते. तरी त्याने मखमली पुसणी एकदा तिच्यावरून गोल फिरवली, रेकॉर्ड आतल्या कागदात सरकवली, कागद वेष्टनात आणि वेष्टन खोक्यात. चाळीस वर्षं त्याने भट्टीतून निघालेल्या बश्या अशाच उजेडात धरल्या होत्या. बशीचा तडा डोळ्याआधी बोटांना कळतो. रेकॉर्डचंही तसंच आहे, असं तो म्हणायचा.

"डॅड, या वेगाने नाताळ उजाडेल," नताली खोक्याला चिकटपट्टी लावत म्हणाली. "तीनला टॅम्स येणार आहे."

"टॅम्सला कसली घाई? या रेकॉर्डांवर त्याचा पन्नास वर्षं डोळा आहे."

नतालीने एक वेष्टन उचललं. त्यावरच्या चित्रात एक टकला माणूस भलामोठा मासा खांद्यावर टाकून ढगांतला जिना चढत होता.

"याचा अर्थ काय रे शेवटी?"

"अर्थ विचारायचा नसतो, पोरी."

"मम म्हणायची, चित्रकार दोन दिवस उपाशी असणार."

ट्रेव्हर हसला. हसता हसता त्याची नजर दाराच्या चौकटीकडे गेली, आणि त्याने दुसरी रेकॉर्ड हातात घेतली.

सोमवारी नताली त्याला आपल्याकडे श्रूजबरीला नेणार होती. ऑगस्टमध्ये तो जिन्यावरून घसरला आणि रात्रभर तिथेच पडून राहिला. त्यानंतर तिने त्याला विचारलं नाही, नुसतं सांगितलं. तिच्या गॅरेजवर एक छोटी खोली होती. तिच्यात पलंग मावत होता, खुर्ची मावत होती. अकराशे रेकॉर्ड मावत नव्हत्या. टॅम्सने त्या घ्याव्यात, हे ट्रेव्हरनेच ठरवलं. परक्याच्या घरी लेक द्यायची नाही, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

टॅम्स आणि तो एकाच भट्टीवर लागले होते. तेव्हा स्टोकच्या धुरकट आभाळात बाटलीच्या आकाराची धुराडी अजून उभी होती, आणि पोरं दिवसभर पांढरी माती खाऊन संध्याकाळी खोकत घरी जायची. गुरुवारी पाच जण ट्रेव्हरच्या खोलीत जमायचे. पाचांत मिळून एक रेकॉर्ड यायची. जगाला तीन मिनिटांची नाचायची गाणी हवी होती. यांना अख्खी बाजू भरून वाहणारं एकच गाणं लागायचं, ज्यात आधी समुद्र यायचा, मग ऑर्गन, मग लढाई, मग बासरी. कारखान्यात दिवसाचे तुकडे पडायचे. इथे वीस-बावीस मिनिटं कुणी तुकडा पाडायचा नाही. म्हणून नियम झाला: सुई टेकली की बाजू संपेपर्यंत बोलायचं नाही, उठायचं नाही, बेल वाजवायची नाही. बोलेल त्याची रेकॉर्ड घरी न्यायची पाळी जाईल.

एकदा टॅम्सला उशीर झाला. बाहेर आला तर आत बाजू चालू. गडी बर्फात तसाच उभा राहिला. ट्रेव्हरच्या बायकोने, ग्लेनिसने, तेव्हा नवीन लग्न झालेलं, मागच्या दाराने जाऊन त्याच्या हातात चहाचा कप दिला आणि म्हणाली, "हे गाणं आहे की नगरपालिकेची सभा? संपतच नाही." ते वाक्य पुढे प्रत्येक गुरुवारी कुणीतरी म्हणायचंच. पण नियम तिनेही पाळला. चहा यायचा तो बाजू बदलतानाच.

बाजू चालू असताना कुणी दारात आलंच, तर ट्रेव्हर बसल्या जागेवरून तळहात उभा करायचा. चौकातला पोलीस गाडी थांबवतो तसा. नतालीला चालता यायला लागलं, त्याच सुमारास तो तळहातही कळायला लागला. सहा वर्षांची असताना ती सायकलवरून पडली आणि रक्ताळलेला गुडघा घेऊन दारात आली. तळहात दिसला. हुंदका गिळून ती तशीच उभी राहिली, शेवटचा सूर विरेपर्यंत. रक्त पायमोज्यात उतरलं. ट्रेव्हर ही गोष्ट पबमध्ये कौतुकाने सांगायचा. माझी पोर, म्हणायचा, हाडाची श्रोती आहे.

अलीकडे तो ती सांगत नसे.

"चहा टाकू?" नतालीने विचारलं. "ओटकेक आणलेत. चीज घालून गरम करते."

"थांब. एवढं खोकं होऊ दे."

ती थांबली. बापाकडे पाठ करून, खिडकीशी. मग नेहमीचं वाक्य आलं. ते कधी येईल याचा नेम नसे, पण भेटीत एकदा यायचंच.

"मी ममचा फोन उचलला असता तर, डॅड."

ट्रेव्हरने खोक्यातल्या रेकॉर्ड उगाच सरळ केल्या. "तू कामावर होतीस."

"फोन खणात होता. चार वाजून दहा मिनिटांनी आला. मी सहाला पाहिला."

"तुला तेव्हा काय ठाऊक."

"डॉक्टर म्हणाले ना, पक्षाघात होता, अर्धा तास आधी आणलं असतं तर." ती वळली आणि त्याच्याकडे बघत राहिली. दर वेळी ती अशीच बघायची. "आणि तू वाफ्यावर."

"हो," ट्रेव्हर म्हणाला. "मी वाफ्यावर होतो."

पालिकेच्या जागेत त्याचा भाजीचा वाफा होता. मार्चमध्ये ग्लेनिस गेली त्या दिवशी तो तिकडे फिरकलाही नव्हता. तो इथेच होता, याच खुर्चीत. इस्पितळाच्या लांब कॉरिडॉरमध्ये नताली धावत आली आणि तिने विचारलं, "तू कुठे होतास?" तेव्हा वाफ्याचं नाव आपोआप तोंडातून गेलं. एकदा गेलं ते गेलं. मग शेजाऱ्यांना तेच, टॅम्सला तेच, दफनाला आलेल्या पाद्रीबाईंनाही तेच. मातीच्या कामात एक बरं असतं: ओलं आहे तोवर बोटाने मोडता येतं. हे भाजून निघालं होतं.

दर भेटीला तो ठरवायचा, आज सांगू. निदान पोरीच्या छातीवरचा धोंडा तरी उतरेल. मग ती ओटकेक गरम करायची, त्याचे मोजे धुवायची, आणि त्याला वाटायचं, हिच्याशिवाय आता आपलं आहे कोण? सांगितलं तर गॅरेजवरची खोलीही गेली आणि लेकही गेली. तो गप्प बसायचा. पण सोमवारनंतर रोज एका टेबलावर बसायचं होतं. ते वाक्य रोज कानावर येणार होतं.

"एक बाजू लाव ना," नताली एकदम म्हणाली. "टॅम्स नेण्याआधी. शेवटची."

"तू ऐकणार? भाजायला टाकलेले बटाटे होऊन निघतात एवढ्या वेळात, असं म्हणायचीस."

"आज बटाटे नाहीत."

"बरं. कुठली?"

ती खोक्यांजवळ उकिडवी बसली. अजून दोन खोकी उघडी होती. तिची बोटं वेष्टनांच्या कडांवरून भराभर गेली, शोधत असल्यासारखी नाही, कुठे आहे ते ठाऊक असल्यासारखी. तिने एक उपसून काढली. वेष्टनावर गव्हाच्या शेतात उभं असलेलं दीपगृह होतं. समुद्र कुठेच नव्हता.

ट्रेव्हरने ती परत घ्यायला हात पुढे केला.

"ही नको. हिच्यावर ओरखडा आहे."

"नाहीये," नताली म्हणाली. "तू ओरखडा पडू देतोस होय?"

अकराशेतली नेमकी हीच. योगायोग असेल, त्याने स्वतःला समजावलं. लहानपणी तिला हे चित्र आवडायचं. त्याने रेकॉर्ड घेतली. पहिली बाजू वर करणार तोच ती म्हणाली, "दुसरी."

त्याने दुसरी बाजू वर केली. सुई टेकवताना त्याने मनगट दुसऱ्या हाताने धरलं. घड्याळात तीनला तेरा मिनिटं कमी होती. तो खुर्चीत बसला. नताली समोरच्या कोचावर बसेल असं त्याला वाटलं होतं. ती बसली नाही. ती दाराच्या चौकटीशी गेली आणि एक हात चौकटीवर ठेवून उभी राहिली.

बाजूवर एकच गाणं होतं, सात भागांचं, बावीस मिनिटांचं. आधी ऑर्गन हळूहळू भरत गेला. मग ढोल आले, पाचाच्या ठेक्यात, लंगडा माणूस धावतो तसे. ट्रेव्हरने डोळे मिटून घेतले. अठ्ठेचाळीस वर्षं या सुरांनी त्याला कुठल्या कुठे नेलं होतं. आज ते त्याला खुर्चीतून हलू देईनात. ढोल थांबले. व्हायोलिनं आली आणि ओसरली. सहाव्या भागात नुसती बासरी उरली, रिकाम्या खोलीत कुणी वाजवावी तशी. मग घंटा. एकच ठोका.

"इथे फोन बंद होतो," नताली म्हणाली.

बाजू चालू असताना या खोलीत कुणी बोललं नव्हतं. ट्रेव्हरने डोळे उघडले.

"ममने निरोप ठेवला होता माझ्या फोनवर. चाळीस सेकंद. एकही शब्द नाही, नुसता श्वास. आणि मागे ही बासरी. मग घंटा, आणि बंद." तिचा आवाज कोरडा होता. "मला पाठ आहे ही बाजू, डॅड. दारात उभी राहून पाठ झालीय."

बासरी पुन्हा सुरू झाली होती.

"नऊ महिने वाट पाहिली, तू सांगशील म्हणून. दर वेळी फोनचं काढते. तू वाफ्यावर जातोस."

"मी घरीच होतो," ट्रेव्हर म्हणाला. त्याचा आवाज गाण्याखाली दबला म्हणून त्याला तेच पुन्हा म्हणावं लागलं. "पोरी, मी घरीच होतो."

नतालीने मान हलवली. खांदे जरासे सैल पडले. ती घाईघाईने बोलू लागली, जणू पुढचं सगळं तिनेच जुळवून ठेवलं होतं.

"तुझे डोळे मिटलेले असणार. तू नेहमी मिटतोस, मला ठाऊक आहे. ती आली ते तुला दिसलंच नसेल. हाक मारायला तिची वाचा गेलेली. तुला कसं कळणार? एवढंच म्हण ना, डॅड. दिसली नाही म्हण. मग मी कधी विषय काढणार नाही. सोमवारी गाडी आणते, आपण जाऊ."

तिने दार उघडून दिलं होतं. त्याने नुसतं आत पाऊल टाकायचं होतं. गॅरेजवरची खोली, सकाळचा चहा, नातवंडांचा गोंगाट. ट्रेव्हरने ओठ ओले केले. तोंडात मातीची चव आली, जुनी, भट्टीवरची.

"डोळे उघडे होते," तो म्हणाला.

नतालीची बोटं चौकटीवर आवळली.

"तू उभी आहेस, तिथेच होती ती. असाच हात चौकटीवर. दुसऱ्या हातात फोन. माझ्याकडे बघत होती. काही बोलली नाही. मला वाटलं, नियम पाळतेय."

"मग?"

ट्रेव्हरचा उजवा हात खुर्चीच्या दांड्यावरून उचलला गेला. कोपर वाकलं, बोटं जुळली, आणि तळहात दाराकडे तोंड करून उभा राहिला.

नतालीने एक पाऊल आत टाकायला उचललं होतं. ते उंबऱ्याच्या अलीकडेच राहिलं. चेहरा सहा वर्षांच्या पोरीसारखा झाला आणि लगेच म्हाताऱ्या बाईसारखा. ती त्या तळहाताकडे बघत राहिली. हात खाली घ्यावा हे ट्रेव्हरला कळत होतं. तो येईना.

तिच्या खांद्यावरून त्याला बाहेरच्या दाराची दुधी काच दिसत होती. काचेपलीकडे टोपी घातलेली एक सावली आली. सावलीने बेलकडे हात नेला. मग आतलं गाणं ऐकलं असावं, कारण हात मागे गेला, कॉलर वर झाली, आणि सावली पायरीवर स्वस्थ उभी राहिली.

बाजू संपायला अजून आठ मिनिटं होती.