दोन याद्यांतली ब्याण्णव माणसं

मंगळवार, ३० मार्च १९७१. सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी दोन ट्रक कुसळदऱ्याच्या ओढ्यात येऊन थांबले. एरवी ऊस वाहणाऱ्या त्या ट्रकांतून माणसं उतरली. बाया, बापे, कडेवरची पोरं. एका म्हाताऱ्याला दोघांनी काखेत धरून खाली घेतलं. ट्रक तीनला परत निघणार होते. तोवर सगळ्यांची शिरगणती उरकायची होती.

मोजणारे रंगनाथ गुरुजी मूळ गावच्या शाळेत शिक्षक होते. त्यांनी दगडाबाईच्या अंगणात लिंबाखाली स्टूल मांडलं होतं. समोर पत्र्याची पेटी, पेटीत कोरी व्यक्तिपत्रकं. प्रत्येक माणसामागे एक पत्रक भरायचं होतं. नाव, वय, जन्मगाव, धर्म, मातृभाषा, लिहिता-वाचता येतं का, मुख्य काम कोणतं.

कुसळदरा ही पाथर्डी तालुक्यातली चोपन्न घरांची वस्ती. मूळ गाव अडीच मैलांवर. वस्तीला पिण्याच्या पाण्याची विहीर नाही. माघ सरला की ओढ्यातले झरे आटतात आणि बाया डोंगराच्या पलीकडच्या कुंडावर जातात. एका खेपेला दीड तास लागतो.

दगडाबाई ग्रामपंचायतीत बायकांच्या जागेवर सदस्य होती. वय साठीच्या पुढे. सभेला बोलावणं आलं की अंगठा उठवून परत यायचं, एवढंच तिचं काम असल्याचं इतर सदस्य धरून चालत. जानेवारीतल्या सभेला पंचायत समितीचे सभापती आले, तेव्हा तिने विहीर मागितली. सभापती म्हणाले, "तीनशे लोकवस्ती असलेल्या वाड्यांचीच नावं यादीत जातील. आकडा नव्या शिरगणतीचा." तिने तेच वाक्य त्यांच्याकडून तीनदा वदवून घेतलं आणि मग अंगठा दिला.

रंगनाथ गुरुजी पहिल्यांदा आले ते १८ मार्चला. अठ्ठावीस घरं उघडी होती आणि त्यांत एकशे एकतीस माणसं होती, बहुतेक म्हातारी आणि त्यांनी सांभाळलेली शाळकरी पोरं. सव्वीस घरांना कुलूप होतं. ती मंडळी दसऱ्यानंतर कोयते घेऊन प्रवरेच्या काठच्या एका कारखान्यावर ऊसतोडीला गेली होती. जाताना घराच्या किल्ल्या दगडाबाईकडे ठेवायच्या, अशी वस्तीची रीत होती. तिने सुतळीत ओवलेला किल्ल्यांचा जुडगा काढला आणि एकेक किल्ली बोटाने सरकवत घरातली माणसं सांगितली. गुरुजींनी पेन्सिलने टिपून घेतली. एकशे चौऱ्याहत्तर भरली. एकूण तीनशे पाच.

"झालं की," दगडाबाई म्हणाली. "आता शाईनं ल्ह्या."

"मावशी, शाईने लिहिता येत नाही. दहा ते एकतीस मार्च, या दिवसांत जो एकदाही घरी आला नाही, त्याला इथे धरायचं नाही. तो जिथे असेल तिथे मोजतील."

"सा म्हैने तिकडं, सा म्हैने हितं. मग पानी हितलं पितील का तिकडलं?"

"पुस्तकात पाण्याचं काही नाही."

"न्हाईच आसनार. पुस्तक ल्हिनाऱ्याच्या दारात आड आसंल."

तिने गुरुजींना तांब्याभर पाणी दिलं. ते कुंडावरचं होतं, हे तिला सांगावं लागलं नाही. गुरुजींनी अर्धं पिऊन उरलेलं तांब्यातच ठेवलं.

"एकदाबी आला न्हाई तर," ती जरा वेळाने म्हणाली. "म्हंजी एकदा आला तर चालतंय?"

"चालतं. एक दिवस आला तरी."

सोमवारी २२ तारखेला ती एस.टी.ने नगरला गेली आणि तिथून दुसऱ्या गाडीने कारखान्यावर. तोडकऱ्यांच्या कोप्या, म्हणजे उसाच्या पाचटाची खोपटी, रस्त्याच्या कडेला होत्या. तिथली शिरगणती एका कारकुनाकडे होती. त्याच्या यादीत या कोप्या नव्हत्या. घरांना नंबर घालायचं काम उन्हाळ्यात झालं होतं आणि तेव्हा त्या जागी मोकळं रान होतं. तो दगडाबाईला म्हणाला, "काळजी करू नका. एकतीस तारखेला बेघर लोकांची मोजणी आहे, त्यात घेऊ."

दगडाबाईने किल्ल्यांचा जुडगा त्याच्या टेबलावर ठेवला. "सव्वीस हायत. मोजा. बेघर कोन हाय त्यातलं?"

"मावशी, किल्ल्यांचा रकाना माझ्याकडे नाही."

तोडकऱ्यांचा मुकादम जालिंदर तिचा भाचा होता. त्याने डोकं खाजवलं. हंगाम चालू असताना एक माणूस सोडायचा तरी कारखाना ओरडतो, इथे तर सगळी टोळी न्यायची होती. पण तीस तारखेला कारखाना साफसफाईसाठी बंद राहणार होता. ट्रक रिकामे उभे राहणार होते आणि ड्रायव्हर त्याच्या ओळखीचे होते. कोप्या आणि बैल राखायला चार म्हातारी माणसं मागे ठेवून बाकी सगळे निघाले. म्हणजे एकशे सत्तर. वस्तीतली एकशे एकतीस मिळवली की तीनशे एक.

लिंबाखाली रांग लागली. जालिंदर रांग लावत होता.

"मताच्या वक्ताला पुढारी म्हनला हुता, गाडी धाडतो. गाडी न्हाई आन् पुढारी न्हाई," तो म्हणाला. "आत्याच्या शबदावर दोन आल्या. आत्या, पुढल्या टायमाला तूच उभी ऱ्हा."

"उभीच हाये सकाळधरनं," दगडाबाई म्हणाली. "पोरगी धर ती, रांगंतून पळती."

भागीरथीचं नाव, वय, जन्मगाव झालं. मुख्य कामाच्या रकान्यापाशी गुरुजींनी नेहमीसारखं विचारलं, "घरकाम?"

"घर कुलपात हाय, गुरुजी. त्यातलं काम कसं करू?" मागे हशा झाला. "ह्यो तोडतो, मी मोळ्या बांधती. मुकादम दोघांचा मिळून येक कोयता धरतो. तुमी बी तसंच ल्हितान का?"

गुरुजींनी शेतमजूर लिहिलं. त्या आधीच्या अकरा बायांपुढे त्यांनी घरकाम लिहिलं होतं. ती अकरा पत्रकं त्यांनी पुन्हा बाहेर काढली आणि त्या बायांना परत बोलावून विचारलं. नऊजणींचा रकाना बदलला. त्यात वीस मिनिटं गेली आणि ड्रायव्हरने हॉर्न वाजवला.

श्रीमंत नावाचा तोडकरी आपल्या सहा माणसांना घेऊन पुढे आला. धर्म विचारताच म्हणाला, "बौद्ध. नीट ल्ह्या. गेल्या खेपंला आमच्या म्हाताऱ्याचं तोंड बघून दुसरंच ल्हिलं हुतं."

गुरुजींनी लिहिलं आणि पत्रक त्याच्याकडे फिरवलं. श्रीमंतने अक्षरं लावून वाचली.

"आनखी येक. इहीर झाली तर आमी बी तिथंच पानी भरनार. त्ये बी ल्ह्या."

"त्याला रकाना नाही."

"मंग आत्यांच्या देखत बोललो, एवढं ध्यानात ठिवा."

दगडाबाई त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आदी इहीर तर हू दे."  श्रीमंत बाजूला जाऊन बसला.

दोन वाजून पन्नास मिनिटांनी एकशे सत्तरावं पत्रक भरून झालं. गुरुजींनी बेरीज दोनदा केली. तीनशे एक. माणसं आपापली घरं उघडून, झाडून, पुन्हा कुलूप लावून किल्ल्या परत देत होती. जालिंदर ट्रकच्या फाळक्यावर चढता चढता गुरुजींना म्हणाला, "आमचं नाव लई झालं बगा. तिकडं बी काल सायब येऊन माझी वही घेऊन गेला. समदे कोयते उतरून घेतले. म्हनला, परवाची कटकट नको."

"कोयते म्हणजे?"

"सेहेचाळीस कोयते. दोन दोन मानसं. पोरं वहीत नसत्यात."

ट्रक गेले. गुरुजी स्टुलावर बसून राहिले. कारकुनाने एकतीस तारखेची बेघरांची मोजणी दोन दिवस आधीच, माणसं न बघता, मुकादमाच्या वहीवरून उरकली होती. सेहेचाळीस नवरे, सेहेचाळीस बायका. ब्याण्णव माणसं तिकडे बेघर म्हणून आणि इकडे घरवाली म्हणून, दोन्हीकडे लागली होती. त्यांची पोरं आणि म्हातारे तिकडे कुठेच नव्हते.

ही गोष्ट लक्षात आलेले ते एकटेच होते. दोन्ही पेट्या वेगवेगळ्या तालुक्यांना जाणार. नगर जिल्ह्याची बेरीज तेरा तालुक्यांतून, राज्याची सव्वीस जिल्ह्यांतून होणार. त्यात ब्याण्णव जास्तीची माणसं कोणाच्या डोळ्यावर येणार नव्हती. आणि ती इथून कमी झाली तर कुसळदऱ्यात दोनशे नऊ उरत होती.

१ ते ३ एप्रिल फेरतपासणी होती. १ तारखेला गुरुजी वस्तीवर आले आणि त्यांनी दगडाबाईला सगळं सांगितलं.

"तुमी न्हाई सांगितलं तर कळंल कुनाला?"

"नाही कळणार."

"मंग मला कशापाई सांगाय आलात?"

गुरुजी म्हणाले, "मी सही करणार त्याखाली. वर्गात पोरांची हजेरी घेतो, तशीच ही. एका पोराची दोन शाळांत हजेरी लावता येत नाही."

"पोरगं खरं कोनच्या शाळंत बसतंय, त्ये बघा की मग."

"ते बघणं माझ्या हातात नाही. मी फक्त कळवू शकतो."

दगडाबाईने बाहेर नजर टाकली. अंगणात घागरी पालथ्या घातलेल्या होत्या. मग ती म्हणाली, "कळवा. पन नुसतं दोनदा झालं आसं कळवू नका. तिकडलं खोडा, आसं ल्ह्या. तिकडं त्येंनी मानूस बघितला न्हाई, वही बघितली. हितं तुमी तोंडं बघितली. ल्ह्या आसं."

गुरुजींनी तसंच लिहिलं, आपल्या भाषेत. सोबत ब्याण्णव नावांची यादी जोडली. शेवटी तिचा अंगठा घेतला, जरी नियमात त्याची गरज नव्हती. ३ एप्रिलला पेटीबरोबर पत्र तालुक्याला गेलं. पोच मिळाली.

एप्रिलच्या मध्यावर देशाचा तात्पुरता आकडा वर्तमानपत्रांत आला. सुमारे चौपन्न कोटी सत्तर लाख. त्यात ती ब्याण्णव माणसं एकदा आहेत की दोनदा, हे त्या बातमीवरून समजायला मार्ग नव्हता. गुरुजींनी बातमी कापून वहीत ठेवली.

२६ एप्रिलला तालुक्याहून दोन ओळींचं उत्तर आलं. दोन्ही ठिकाणच्या नोंदी चौकशीसाठी राखून ठेवल्या आहेत, निर्णय यथावकाश कळवण्यात येईल. मेच्या पहिल्या आठवड्यात हंगाम संपला, टोळी परत आली आणि कुंडावर जाणाऱ्या बायांची रांग दुपटीने वाढली. त्या महिन्यात दगडाबाई तीनदा तालुक्याला जाऊन आली. तिसऱ्या वेळी तिला सांगण्यात आलं की निर्णय वरून यायचा आहे.

विहिरींच्या गावांची यादी पंचायत समितीकडून ३० जूनला जायची आहे. २१ जूनला दुपारी साडेचारपर्यंत त्या यादीचा कच्चा कागद तयार होता. त्यात कुसळदऱ्याचं नाव सतराव्या क्रमांकावर आहे. लोकसंख्येचा रकाना भरलेला नाही.