थापेची जागा

“डफ शेकलास का?” आईने आरशात बघतच विचारलं.

लेकीने मान हलवली. रंगमंचामागच्या खोलीत हीटरपुढे डफ धरून ती कधीची बसली होती. चामडं तापलं होतं, तिचे हात मात्र गारठलेले. इतकी वर्षं हे काम मावशीचं. मावशी म्हणजे आईची डफवाली. आईने नवरा सोडला तेव्हापासून दोघींची चूल एक, खोली एक. ती जाऊन महिना होत आला होता.

मघाशी मावशीचा भाऊ दारात येऊन गेला. “बहीण गेली माझी. आता भरसभेत तिची अब्रू काढू नका. पुढच्या रांगेत माझी माणसं बसलीत. नंतर मला बोल लावायचा नाही.”

“चहा घेणार?” आई म्हणाली. तो दार आपटून गेला.

शेवटच्या कडव्यात, गाणं ज्याच्यासाठी बांधलं त्याचं नाव घ्यायचं, ही या गाण्यांची रीत. मारकुट्या नवऱ्यांवरच्या आईच्या गाण्यांना पुरुषसुद्धा टाळ्या वाजवत. पण एका प्रेमाच्या गाण्यात नावाच्या जागी ती थांबायची आणि मावशी डफावर थाप मारायची. लोक म्हणत, काय ठेका आहे!

“आई, आज मी मारते ना थाप तिथे. कुणाला कळणार नाही.”

“कळू नये म्हणून तर जन्म काढला.” आईने अंबाड्यात शेवटची पिन खोचली. “घाबरलीस?”

“हो.”

“मीही. पाण्याची बाटली घे, घसा आत्ताच कोरडा पडलाय.”

दोघी रंगमंचावर बसल्या. नवऱ्यांच्या गाण्याला बाया पदर तोंडाला लावून हसल्या. मग ते गाणं आलं. शेवटचं कडवं सुरू होताच मावशीचा भाऊ उठून उभा राहिला, त्याच्यामागे आणखी चौघे. बाहेर जायचं दार त्यांच्याच पलीकडे होतं.

आई थांबली. लेकीचा हात आपसूक उचलला गेला. एक थाप, की दोघी सुखरूप घरी. आईने तिच्याकडे पाहिलंही नाही.

लेकीने तळवा डफावर सपाट टेकवला, अलगद, आवाज होणार नाही असा.

आईने मावशीचं नाव घेतलं. ताट वाढलंय, ये, म्हणून आतून हाक मारावी तसं.

पुढच्या खुर्च्या सरकल्या. लेकीने मान वर केली नाही. तळव्याखालचं चामडं आईच्या आवाजाने थरथरत होतं. अजून कोमट होतं.