गेनबाच्या दहाव्याला दिलेला शब्द

आमदार जयसिंगआबांची गाडी विश्रांतवाडीजवळच्या घाटावर थांबली, तेव्हा भाषणं आटोपून लोक कावळ्याची वाट पाहत होते. दहावे चुकवून माणूस आमदार राहत नाही, हे आबा सरपंच असल्यापासून जाणून होते. घाटावरच्या प्रत्येकाला ते नावानं हाक मारत पुढे गेले. त्यांचे चिटणीस श्रीधरपंत मूळचे सदाशिव पेठेतले. एवढी नावं या माणसाच्या डोक्यात मावतात कशी, याचं पंतांना अजून नवल वाटे. एवढ्या थापा कशा मावतात, याचंही वाटे.

आजचा दहावा गेनबाचा होता. आबांच्या पहिल्या निवडणुकीत सायकलला भोंगा बांधून हिंडलेला गेनबा. महापालिकेची निवडणूक आली की आबा त्याला म्हणत, "पुढचं तिकीट तुझ्याच घरात." तो दर वेळी विश्वास ठेवी आणि तिकीट दर वेळी दुसऱ्याच्या पदरात पडे. यंदा वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला होता. गेनबाची लेक शालू वस्तीच्या पाण्यासाठी भांडून भांडून तयार झालेली. पण आबांच्या सुनेचे, विजयमालाचे, फ्लेक्स छापायलासुद्धा गेले होते.

पिंडाला कावळा शिवेना. गेनबाच्या भावानं घर सांभाळायचा शब्द दिला, बायको मथुराबाईनं हात जोडले. कावळे झाडावरून हलेनात. हळूहळू सगळ्यांच्या नजरा आबांकडे वळल्या.

आबांनी चपला काढल्या. "गेनबा, औंदाचं तिकीट शालूचं. समद्यांम्होरं सांगतो."

तरी कावळा आला नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि मंडळी उठली.

गाडीत बसल्यावर पंत म्हणाले, "सुटलात आबा. आपला शब्द कावळ्यानंही मनावर घेतला नाही. मग आपण कशाला घ्यायचा?"

आबांनी खिडकीची काच वर केली.

"पंत, गेनबा माझ्यावर इश्वास ठेवायचा, तवा म्या कधी शब्द पाळला न्हाय. आज पयल्यांदा त्यानं इश्वास ठेवला न्हाय. आता शब्द मोडला, तर त्योच खरा ठरंल. सूनबाईला मी सांगतो. तुमी फ्लेक्सवाल्याला फोन लावा."

पंतांना शेजारी बसलेला माणूस एकाएकी फार मोठा वाटू लागला आणि इतकी वर्षं आपण त्याला ओळखलंच नाही, असंही वाटलं.

त्यांनी फोन लावला. "फोटो बदलायचाय," ते म्हणाले, "शालूचा टाका."