डबीतली अंडी

माझे सासरे दर रविवारी तळ्यावर गळ टाकून बसतात. पहिल्या माशाची एक चकती लिंबू पिळून कच्चीच खायची, हा त्यांचा बाणा. "लिंबात शिजतो तो," असं वर आम्हालाच ऐकवतात. परवा त्यांच्या गळवाल्या मित्राच्या यकृतात कृमी निघाले आणि सासूबाईंचा पारा चढला.

"तपासून घ्या. कृमी निघाले तर ती गळाची काठी त्याच दिवशी घराबाहेर!"

मी लॅबमध्ये शौचाचे नमुने तपासते. घरच्यांच्याही डब्या उघडाव्या लागतील, हे लग्न ठरवताना कुणी बोललं नव्हतं. घरात मासे खाणारे आई-बाबा दोघंच, म्हणून डॉक्टरांनी दोघांचेही नमुने मागवले. सकाळी नावं चिकटवून दोन्ही डब्या बाबांनी स्वतः पिशवीत घालून दिल्या. तेव्हाच शंका यायला हवी होती. हा माणूस स्वतःची चहाची कपबशी उचलत नाही.

बाबांच्या डबीत कृमीची अंडीच अंडी. आईंची डबी स्वच्छ.

संध्याकाळी आईंनी काठी दाराशी नेऊन ठेवली. बाबा गोळ्या हातात धरून बसले होते. गिळेनात.

"गोळ्या नाही घेतल्या तर यकृत खराब होतं का गं?"

"होतं, बाबा."

त्यांनी एकदा काठीकडे पाहिलं, एकदा आईंकडे.

"मग या तिला दे. डब्यांवरची नावं मी बदलली. अंडी तिची आहेत."

मला हसू आवरेना आणि त्यांच्याबद्दल मायाही वाटली. आई कडाडल्या, "माझी? मी कच्च्या माशाला जीभ तरी..." आणि मध्येच थांबल्या. ओट्यावर माशाच्या खिम्याची परात होती. तळण्याआधी चिमूटभर तोंडात टाकल्याशिवाय त्यांनी आजवर एक गोळा कढईत सोडलेला नाही. म्हणून तर त्यांचं मीठ कधी चुकत नाही.

"मीठ बघायला नको?" त्या पुटपुटल्या.

मग मुकाट्याने गोळ्या गिळल्या, काठी उचलून परत कोपऱ्यात ठेवली आणि बाबांना म्हणाल्या, "रविवारी जा. पण कच्चं काही खायचं नाही. मीही नाही खाणार."

"आणि मीठ?"

"पानात कळेल."

रविवारी गोळे पार अळणी झाले होते. बाबांनी तीनदा मागून घेतले.