टाचांवरची किडनी

टिचकीची किडनी एका मिनिटात सुधारली. वैद्यकशास्त्रात असं कधी घडत नाही आणि त्या दिवशीही घडलं नाही. तेव्हा पहिलं वाक्य वाचलंच नाही असं समजून पुढे चला.

सात वर्षांची टिचकी आणि तिचे बाबा सकाळपासून दवाखान्याच्या बाकावर होते. बाबांचा चेहरा असा उतरला होता, की शेजारच्या बाईंनी "पेशंट कोण?" विचारल्यावर टिचकीने खुशाल बाबांकडे बोट दाखवलं.

रक्ताचा रिपोर्ट आला होता. राहिली होती उंची. लहान मुलांची किडनी किती काम करते, ते रक्तातला आकडा आणि उंची यांचं गणित मांडून काढतात, हे डॉक्टरीणबाईंनी मागच्या खेपेला दोघांना फोड करून सांगितलं होतं. उत्तर साठाच्या खाली गेलं, की नवं औषध आणि ते सुरू करायला वॉर्डात मुक्काम. वॉर्डात टिचकीला खाट मिळायची, बाबांना स्टूल.

"एकशे अठरा!" सिस्टर जांभई देत म्हणाल्या. "भराभर वाढतेय हो!"

डॉक्टरीणबाईंनी बटणं दाबली. "एकसष्ट. जा घरी."

बाबांच्या डोळ्यांपुढे घरची गादी आली, उशीसकट. तेवढ्यात मेलं मन म्हणालं, तीन महिन्यांत सहा सेंटीमीटर? पोरगी आहे की पडवळ?

टिचकी अजून मोजपट्टीला चिकटून उभी होती. श्वास रोखलेला, टाचा अधांतरी आणि डोक्यावर सकाळी स्वतःच्या हाताने घातलेला अंबाडा.

मूग गिळून बसणं सोपं होतं. पण औषध किडनीला हवं होतं, अंबाड्याला नव्हे.

"सिस्टर, परत मोजा," बाबा म्हणाले. "टाचा टेकवून. अंबाडा सोडून."

"घरभेदी!" टिचकी किंचाळली. "तू कुणाच्या पार्टीत आहेस?"

"तुझ्या किडनीच्या."

एकशे बारा. अठ्ठावन्न.

वॉर्डात टिचकीने खाटेवर पाठ फिरवली. बाबा स्टुलावर बसले. स्टूल कुरकुरलं, बाबा नाही. त्यांच्यात तेवढंही त्राण नव्हतं.

बऱ्याच वेळाने भिंतीकडूनच हुकूम आला, "अर्ज लिही."

बाबांनी औषधाच्या पाकिटावर लिहिलं:

'मा. किडनी खाते यांस. सदर मुलीच्या टाचा व अंबाडा उंचीत धरण्यात यावेत, आणि सोबतच्या घरभेद्यास पाठ असलेली खुर्ची तातडीने मंजूर व्हावी, ही नम्र विनंती.'